शंका तुमची, उत्तर आर्मररचं: फौजेच्या रायफलचं कॅलिबर ठरवतं कोण?

मागच्या अंकात सिग आणि एके-२०३ या फौजेच्या नव्या रायफलींबद्दल चार ओळी काय लिहिल्या, संपादकांनी पत्रांचा गठ्ठाच पाठवून दिलाय. निम्म्या पत्रांत एकच प्रश्न, "सगळ्यात भारी कॅलिबर, म्हणजे नळीचं आणि गोळीचं माप, कोणतं?" नोकरीभर मी आर्मरर होतो, म्हणजे दुसऱ्यांनी चालवलेल्या रायफली उघडायच्या, साफ करायच्या, अडकलेल्या सोडवायच्या, त्यामुळे माझी उत्तरं जरा वर्कशॉपच्या वासाची असतात, चालवून घ्या. सगळी पत्रं घेता येणार नाहीत, निवडक घेतो.

काका, मी साताऱ्याजवळच्या गावातून लिहितोय. भरतीची तयारी चालूय, रनिंग पक्कं झालंय. मित्र म्हणतात इन्फंट्रीत आता ७.६२ देतात. पण सिग पण ७.६२ आणि एके पण ७.६२, मग दोन्हीची गोळी एकच ना? आणि आपल्याला चॉइस असतो का?

चॉइस बिइस काही नसतो बाळा. पल्टणीच्या कोतात, म्हणजे शस्त्रं ठेवायच्या खोलीत, जे असेल ते नंबर टाकून हातात देतात, सही घेतात, आणि तो नंबर तू लग्नाच्या तारखेपेक्षा जास्त लक्षात ठेवतोस. ट्रेनिंगला अजून बऱ्याच ठिकाणी इन्सास, आपली जुनी देशी ५.५६ ची रायफल, तीच मिळते. पुढे पल्टण एलओसीवर किंवा चीनच्या बाजूला असेल तर सिग-७१६ दिसायची शक्यता जास्त, २०१९ मध्ये पहिल्या ७२,४०० घेतल्या आणि २०२४ मध्ये अजून ७३,००० ची ऑर्डर गेली. बाकी फौजेसाठी एके-२०३, ती अमेठीजवळ कोरव्याला बनते, २०२१ च्या करारात आकडा ६ लाख १ हजार ४२७ चा आहे.

आता गोळीचं. ७.६२ मिलिमीटर हा फक्त नळीच्या आतला व्यास झाला, काडतूस किती लांब ते पुढचा आकडा सांगतो. सिगचं ७.६२ बाय ५१, म्हणजे पितळेची पुंगळी ५१ मिलिमीटर. एकेचं ७.६२ बाय ३९. दोन्ही टेबलावर शेजारी उभी केली तर सिगचं काडतूस चांगलं दीड सेंटीमीटर उंच दिसतं, आणि एकेचं बुटकं, खाली जाड आणि वर निमुळतं होत गेलेलं. ती निमुळती काडतुसं एकावर एक ठेवत गेलं की रांग आपोआप वाकडी होते, म्हणून एकेचं मॅगझिन केळ्यासारखं वाकडं असतं, ती स्टाइल नाहीये. गोळीचं टोकसुद्धा अगदी एका मापाचं नाही, एकेचं केसभर जाड असतं. एकाचं दुसऱ्यात चालत नाही, तो प्रयत्नही कोणी करू नये.

आणि घोळ इथंच संपत नाही. आपल्याकडे ड्रॅगुनोव स्नायपर आहे, तिचं ७.६२ बाय ५४, बुडाला कड असलेलं, म्हणजे तिसरं ७.६२. अंधारात पेटी उघडणाऱ्या माणसाने फक्त "७.६२ दे" ऐकलं तर काय होईल विचार कर. म्हणून कोतात पूर्ण नाव घ्यायची शिस्त लावतात आणि नवी पोरं त्याला वैतागतात.

मुलगा लडाखकडे पोस्टिंगला आहे. फोनवर म्हणाला, "आई, नवी रायफल भारी आहे पण जड पडतं सगळं." सरकारने एवढे पैसे खर्च करून जड रायफल का घेतली? हलकी ५.५६ चांगली होती ना? (कोल्हापूर)

ताई, मुलगा बरोबर बोलतोय. पण जड पडते ती रायफल कमी आणि गोळ्या जास्त. हिशोब सांगतो. ५.५६ चं एक काडतूस साधारण १२ ग्रॅम, एकेचं १६-१७, आणि सिगवालं ७.६२ बाय ५१ चं २४ च्या आसपास. म्हणजे शंभर गोळ्यांमागे सव्वा किलोचा फरक, त्यात मॅगझिनचं वजन वेगळं, आणि सिगच्या मॅगझिनमध्ये गोळ्या २० च मावतात. आता हे सगळं बुलेटप्रूफ जॅकेट, पाणी, पिट्टू म्हणजे पाठीवरची बॅग, वायरलेसच्या बॅटऱ्या यांच्यावर, आणि तेही १४-१५ हजार फुटांवर, जिथं बुटाची लेस बांधली तरी धाप लागते. जवान "जड पडतं" म्हणतो तेव्हा तो तक्रार करत नसतो, हिशोब सांगत असतो.

मग घेतली का? तर तिकडे अंतरं लांब आहेत म्हणून. नाल्याच्या या काठावरून त्या काठावर, एका धारेवरून दुसऱ्या धारेवर, आडोसा म्हणजे दगड. ५.५६ ची गोळी जेमतेम ४ ग्रॅमची, नळीतून सेकंदाला ९०० मीटरच्या वर वेगाने निघते, जवळ फार जोरात असते पण हलकी असल्यामुळे दम लवकर सोडते. ७.६२ बाय ५१ ची गोळी साडेनऊ ग्रॅमची, ती निघतानाच सुमारे ८३०-८४० ने निघते, म्हणजे हळू, पण ५०० मीटरवर पोचते तेव्हा तिच्यात ५.५६ च्या दुपटीपेक्षा जास्त जोर शिल्लक असतो. अफगाणिस्तानात अमेरिकन आणि ब्रिटिश फौजांना हेच कळलं, समोरचा लांबच्या डोंगरावरून मशीनगन मारतोय आणि आपली ५.५६ तिथं पोचून काही करत नाहीये, मग त्यांनी तुकडीत परत ७.६२ वाल्या रायफली वाढवल्या.

अजून एक. आपल्या पल्टणीची एमएमजी, म्हणजे मधली मशीनगन, आधीपासून ७.६२ बाय ५१ ची आहे, आणि २०२० मध्ये इस्रायलकडून ज्या १६,४७९ नेगेव एलएमजी, म्हणजे हलक्या मशीनगन, मागवल्या त्याही त्याच कॅलिबरच्या. म्हणजे रायफलवाला आणि एलएमजीवाला एकमेकांच्या गोळ्या वापरू शकतात, पट्ट्यातून काढून मॅगझिनमध्ये भरायच्या. वरच्या पोस्टवर हेलिकॉप्टर दोन-दोन दिवस येत नाही तेव्हा याची किंमत कळते. तुमच्या मुलाला विचारा, तो सांगेल. आणि त्याला सांगा थंडीत तेल कमी लाव, जास्त तेल गोठतं.

सर, आमचे एनसीसीचे सर सांगतात की ५.५६ मुद्दाम अशी बनवली की शत्रू मरू नये, फक्त जखमी व्हावा, म्हणजे त्याला उचलायला अजून दोन जण लागतात आणि तिघं कमी होतात. खरं आहे का? (नाशिक)

ही गोष्ट मी भरती झालो तेव्हापासून ऐकतोय, प्रत्येक ट्रेनिंग सेंटरमध्ये कोणीतरी उस्ताद ती सांगतोच, आणि ऐकायला एवढी हुशार वाटते की कोणी उलट विचारत नाही. पण ५.५६ चा जन्म त्यासाठी झालेला नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन लष्कराने लढायांचे आकडे तपासायला लावले. १९५२ च्या एका अहवालात निघालं की रायफलने होणारी बहुतेक लढाई ३०० यार्डांच्या आतली असते, आणि त्यापुढे साधा जवान नेमाने मारण्यापेक्षा नशिबाने जास्त मारतो. मग १००० यार्डांपर्यंत जाणारी जड गोळी सगळ्यांच्या गळ्यात कशाला? छोटी वेगवान गोळी दिली तर धक्का कमी, बर्स्टमध्ये म्हणजे सलग गोळ्या सोडताना नळी वर उडत नाही, आणि तेवढ्याच वजनात जवळपास दुप्पट गोळ्या नेता येतात. एवढंच लॉजिक. जर्मनांनी आणि रशियनांनी हे युद्ध चालू असतानाच ओळखलं होतं, रशियाचं ७.६२ बाय ३९ हे १९४३ चं डिझाइन, ते मधल्या मापाचं काडतूस आहे.

बरं, ही छोटी गोळी जवळून लागली तर शरीरात आडवी होते, तुटते, फार वाईट जखम करते, "फक्त जखमी" वगैरे नाही. अंतर वाढलं किंवा नळी आखूड असली आणि वेग पडला की मात्र ती सरळ आरपार जाऊ शकते, छोटं भोक पाडून, आणि समोरचा काही सेकंद गोळीबार करतच राहतो. काश्मीरमधल्या जवानांची इन्सासबद्दलची तक्रार हीच असायची. आणि मला सांगा, मरायलाच आलेला फिदायीन, त्याला उचलून न्यायला कोण दोघं येणार आहेत? तिथं तो जखमेचा सिद्धांतच लागू पडत नाही. म्हणून राष्ट्रीय रायफल्सवाल्यांच्या हातात कायम एकेच दिसायची, घरात शिरायचंय, ५०-१०० मीटरच्या आत काम आहे, ८ ग्रॅमची गोळी, ३० चं मॅगझिन, चिखल लागला तरी चालते. एके-२०३ ची परिणामकारक रेंज सरकारी कागदात ३०० मीटर लिहिलीय, आणि त्या कामाला ती पुरते.

तुमच्या सरांना माझा नमस्कार सांगा, वाद घालू नका, मार्क त्यांच्या हातात आहेत.

माझे वडील वरणगावच्या फॅक्टरीत होते. ते म्हणायचे, बंदूक बदलते पण गोळी बदलायला सरकार घाबरतं. असं का? (भुसावळ)

तुमच्या वडिलांनी एका वाक्यात जे सांगितलं ते सांगायला मला पानभर लागेल, पण हा माझा आवडता विषय आहे, तर बसा.

रायफल म्हणजे लाखांचा मामला, काडतूस म्हणजे कोटींचा. खडकीची फॅक्टरी १८६९ पासून दारूगोळा बनवते, वरणगाव ६२ च्या युद्धानंतर उभी राहिली, आज दोन्ही म्युनिशन्स इंडियाकडे आहेत. पितळेची चकती घ्यायची, प्रेसखाली ओढत ओढत लांब करायची, मधेमधे भट्टीत मऊ करायची, मान आवळायची, बुडात कॅप बसवायची, दारू मोजून भरायची, गोळी दाबायची, मग गेज लावून तपासायची. यातला प्रत्येक साचा, प्रत्येक गेज त्या एका मापाचा. कॅलिबर बदललं की ही लाइन बदलते, गोदामातला जुना साठा वापरायचा प्रश्न येतो, ट्रेनिंगच्या गोळ्या, उजेड सोडत जाणारे ट्रेसर, नुसता आवाज करणारे ब्लँक सगळं नवीन, मशीनगनचं काय करायचं तो वेगळा प्रश्न. म्हणून जगभर रायफलचं कॅलिबर जवानाच्या खांद्यापेक्षा गोदामाने जास्त वेळा ठरवलंय.

उदाहरणं बघा. अमेरिकेची गॅरंड रायफल सुरुवातीला .२७६ इंचाच्या छोट्या काडतुसाची होणार होती, चाचण्या चांगल्या गेल्या होत्या. १९३२ मध्ये जनरल मॅकआर्थर, तेव्हा ते अमेरिकन लष्कराचे चीफ ऑफ स्टाफ, म्हणाले नाही, .३०-०६ या जुन्या मोठ्या काडतुसाचा एवढा साठा पडलाय, त्याच मापात करा. झालं. मग १९५१ मध्ये ब्रिटनने .२८० चं मधल्या मापाचं काडतूस आणि त्याची ईएम-२ रायफल मंजूर केली, सरकार बदललं, चर्चिल आले, अमेरिका मोठ्याच काडतुसावर अडून बसलेली, नाटोत फूट नको म्हणून ब्रिटनने आपलं बासनात गुंडाळलं आणि ७.६२ बाय ५१ घेतलं. आणि गंमत म्हणजे ज्या अमेरिकेने सगळ्यांच्या गळ्यात ते मारलं तीच दहा-बारा वर्षांत व्हिएतनाममध्ये ५.५६ वर गेली. ब्रिटिशांना किती चिडचिड झाली असेल.

आपणही त्याच रांगेत. ६२ ला आपले जवान .३०३ बोल्ट अॅक्शन, म्हणजे दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची रायफल, घेऊन चिन्यांच्या ऑटोमॅटिक आणि सेमीऑटोमॅटिकपुढे उभे होते. त्यानंतर ईशापूरच्या फॅक्टरीची एसएलआर (सेल्फ लोडिंग रायफल) आली, ७.६२ बाय ५१, रिकामीच साडेचार किलोच्या आसपास, खांदा काळानिळा करायची पण मारलं की मारलं. मग ऐंशीच्या दशकात पुण्याच्या एआरडीई या सरकारी शस्त्र-संशोधन संस्थेने, पाषाणला, इन्सास डिझाइन केली, ५.५६ मध्ये, कारण तेव्हा जग तिकडे चाललं होतं. ती हातात पडेपर्यंत नव्वदी उजाडली, मधल्या काळात काश्मीर पेटलं म्हणून पूर्व युरोपातून एके आणाव्या लागल्या, आणि ७.६२ बाय ३९ हे तिसरं माप घरात शिरलं ते कायमचं. आता सिगमुळे ७.६२ बाय ५१ रायफलमध्ये परत आलं, आणि त्याच एआरडीईने २०२४ च्या जानेवारीत पुण्यात उग्रम ही नवी रायफल दाखवली तीही ७.६२ बाय ५१. म्हणजे एसएलआरच्या गोळीवर आपण फिरून आलो. एसएलआर जमा करताना हळहळलेले म्हातारे सुभेदार आता मिशीत हसत असतील.

२६/११ ला पोलिसांकडे .३०३ होत्या आणि अतिरेक्यांकडे एके. तेव्हा कॅलिबर कमी पडलं असं म्हणायचं का? (ठाणे)

नाही. उलट आहे. .३०३ ची गोळी ११ ग्रॅमच्या वर, तिचा जोर एकेच्या गोळीच्या दीडपट भरेल. अंगाला लागली असती तर कमी पडण्याचा प्रश्नच नव्हता.

कमी पडलं ते बाकी सगळं. .३०३ मध्ये प्रत्येक गोळीनंतर बोल्ट मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, परत नेम धरायचा, आणि मॅगझिनमध्ये गोळ्या दहा. समोरच्याकडे ३० चं मॅगझिन, बोट दाबून ठेवलं की सुटतंच. त्यात आपल्या शिपायाला वर्षाकाठी सरावाला मिळणाऱ्या गोळ्या किती आणि स्टेशनच्या ड्युटीवर त्याच्याकडे असलेल्या किती, हे तुम्ही कुठल्याही जुन्या पोलिसाला विचारा. तरीही त्या रात्री त्या जुन्या रायफलीने प्लॅटफॉर्मवरून फायर करणारे होते, काही जण तर नुसती लाठी घेऊन उभे राहिले. त्यांच्या हातात कुठलं कॅलिबर होतं हा प्रश्न माझ्या लेखी फार खाली येतो, आधी ऑटोमॅटिक शस्त्र, मग जॅकेट, मग सराव, मग वायरलेसवर नीट निरोप, आणि मग कॅलिबर.

एकाच रायफलमध्ये नळी बदलून दोन्ही कॅलिबर वापरायची आयडिया होती ना? तिचं काय झालं? (पुणे)

होती. २०११ मध्ये टेंडर निघालं, ५.५६ आणि ७.६२ बाय ३९ दोन्ही, नळी बदला की झालं. परदेशातून चार कंपन्यांच्या रायफली चाचणीला आल्या, आणि २०१५ मध्ये सगळं रद्द. कागदावर मस्त दिसतं, पण रात्री गस्तीवर दुसरी नळी, दुसरं बोल्ट, दुसरी मॅगझिनं घेऊन कोण फिरणार आणि नळी बदलल्यावर परत झीरो, म्हणजे नेम आणि गोळी जुळवणं, कुठं करणार? आर्मरर म्हणून सांगतो, ती रद्द झाली तेव्हा मला अजिबात वाईट वाटलं नाही.

नमस्कार, मी टेक्सासमध्ये असतो, नाशिकचा आहे. इकडे आर्मी ६.८ वर चाललीय, एम७ रायफल. भारतानेही तिकडे जायला हवं का, की आपण परत एकदा मागे राहणार?

मागे राहणं आणि थांबून बघणं यात फरक करूया. अमेरिकेने २०२२ च्या एप्रिलमध्ये सिग कंपनीलाच काम दिलं, ६.८ बाय ५१. कारण त्यांना समोर चांगली बॉडी आर्मर घातलेला शत्रू धरायचाय, आणि अफगाणिस्तानची लांब अंतरं विसरलेली नाहीत. आखूड नळीतून एवढा वेग काढायचा म्हणून चेंबरमधलं, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेतलं, प्रेशर खूप वाढवलंय, नुसतं पितळ ते सोसत नाही, म्हणून त्या पुंगळीचं बूड स्टीलचं आणि वरचा भाग पितळेचा, दोन तुकडे जोडलेले. आता हे काडतूस दिवसाला लाखांनी बनवायचं म्हणजे काय ते भुसावळच्या आपल्या वाचकाच्या वडिलांना विचारायला हवं होतं.

आणि किंमत जवान मोजतो. त्यांचा ५.५६ च्या एम४ रायफलवाला सैनिक सात मॅगझिन म्हणजे २१० गोळ्या नेतो, एम७ वाला सात मॅगझिनमध्ये १४०, आणि तरी त्याचं ओझं जास्त. तिकडच्याच एका तरुण कॅप्टनने यावर उघड टीका केली, आणि कंपनीने उत्तरं दिली, तो वाद तुम्ही तिकडे वाचला असेलच.

नव्या गोळीत काय होऊ शकतं त्याचं उदाहरणही तुमच्याच तिकडचं आहे. व्हिएतनाममध्ये एम१६ आली, चाचणीत एक दारू वापरलेली, फौजेला देताना काडतुसात दुसरी भरली, चेंबरला क्रोम नाही, वर साफ करायचं सामान पण पुरेसं दिलं नाही, आणि लढाईत पुंगळ्या आतच अडकायला लागल्या. पोरं नळीत रॉड घालून पुंगळी बाहेर ढकलत होती, समोरून गोळ्या येत असताना. पुढे १९६७ मध्ये त्यांच्या संसदेच्या समितीने चौकशी केली. कॅलिबर तेच होतं, नळी तीच होती, फक्त दारू बदलली होती.

आपल्याकडे आज इन्सासचं ५.५६, एकेचं ७.६२ बाय ३९, सिग आणि एलएमजीचं ७.६२ बाय ५१, ड्रॅगुनोवचं ७.६२ बाय ५४, नव्या स्नायपरचं .३३८, आणि कार्बाइनचं ९ एमएम, एवढं एकाच डिव्हिजनच्या पुरवठ्यात फिरतंय. त्यात सातवं माप कशाला घालायचं? माझं मत विचाराल तर आधी ५.५६ आणि ७.६२ बाय ५१ च्या आपल्याच गोळ्यांची क्वालिटी अशी करा की प्रत्येक लॉट सारखा जाईल, डोंगरातल्या पल्टणीला चांगली दुर्बीण द्या, कारण ५०० मीटरची गोळी देऊन साध्या साइटने मारायला लावणं हा पैशाचा नास आहे, आणि प्रत्येक जवानाला सरावाला जास्त राउंड द्या. ६.८ चं काय ते अमेरिकेला दहा वर्षं वापरू द्या, त्यांची वर्कशॉपं काय बोलतात ते बघू.

पुढच्या महिन्यात बुलेटप्रूफ जॅकेटवर आलेली पत्रं घेतोय. प्रश्न छोटा लिहा, अक्षर मोठं काढा.